वाचकांचे प्रश्न : तुरुंगातली एचआयव्ही चाचणी

प्रश्न : तुरुंगात येणाऱ्या प्रत्येकाची पहिल्याच दिवशी सक्तीने चाचणी का करत नाहीत? संसर्ग दारातच अडवता येईल की!

उत्तर : अडवता येत नाही. बोटाला टोचून होणाऱ्या, प्रतिपिंडं (विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) शोधणाऱ्या जलद चाचणीत संसर्ग दिसायला लागण झाल्यापासून साधारण 23 ते 90 दिवस लागतात. शिरेतलं रक्त घेऊन प्रयोगशाळेत प्रतिजन-प्रतिपिंड चाचणी (प्रतिजन म्हणजे विषाणूचाच अंश) केली तरी 18 ते 45 दिवस. म्हणजे गेल्या आठवड्यात लागण झालेला माणूस ‘निगेटिव्ह’ ठरून बराकीत जातो आणि सगळे निर्धास्त होतात. सक्तीची चाचणी अनैतिक आहे आणि तिचा उपयोगही होत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने तुरुंगांसाठीच्या 1993 च्या मार्गदर्शक सूचनांतच सांगून ठेवलंय.

चाचणी सगळ्यांना सुचवावी, नाही म्हणायची मुभा ठेवावी आणि नकाराचा बराक, काम किंवा भेटींवर परिणाम होऊ देऊ नये. पहिल्या रात्री माणूस घाबरलेला असतो, कधी नशेत, कधी नशा उतरताना तळमळत. त्या अवस्थेतली सही म्हणजे संमती नव्हे. तेव्हा खासगीत एवढंच विचारावं : रोजची कुठली औषधं चालू आहेत? एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं, चालू असेल तर डोस चुकता कामा नये. चाचणीचं काही दिवसांनी पुन्हा विचारता येतं.

प्रश्न : आमच्या तुरुंगाच्या दवाखान्यात कोणी तोंड उघडत नाही. तरीही कोण पॉझिटिव्ह, हे बराकीत लगेच कळतं. कसं?

उत्तर : बहुतेक वेळा गुपित माणसं फोडत नाहीत, कामाची पद्धत फोडते. निकाल सांगायला फक्त पॉझिटिव्ह आलेल्यांना बोलावलं, की पुढचं बराक स्वतःच जुळवते. सगळ्यांना बोलवा आणि निगेटिव्ह आलेल्यालाही तेवढाच वेळ बसवा. ठरलेला वार, वेगळी रांग, फाइलवरची लाल खूण हे सगळं बंद करा. रजिस्टरमध्ये फक्त क्रमांक असावा. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी दवाखान्याच्या कुलपात. बाहेरच्या रुग्णालयात नेण्याच्या चिठ्ठीवर ‘वैद्यकीय तपासणी’ एवढं पुरतं, विभागाचं नाव नको. शिपायाला खोलीत थांबावंच लागलं, तर त्याला दिसेल पण ऐकू येणार नाही अशा अंतरावर. दुभाषा किंवा कारकून म्हणून दुसऱ्या कैद्याला कधीही बसवू नका. तशी वेळ सर्रास येते आणि तिथेच घात होतो.

औषधाचा प्रश्न अवघड. रोज खिडकीवर गोळी घेतली तर रांग पाहते, महिन्याची बाटली जवळ ठेवली तर झडतीत तिच्यावरचं नाव वाचलं जातं. म्हणून निवड रुग्णावर सोडावी आणि दोन्हीकडे साधं, बिननावाचं पाकीट द्यावं.

प्रश्न : कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी अधिकाऱ्यांना पॉझिटिव्ह कैद्यांची यादी नको का?

उत्तर : नको. यादीत नसलेल्याचं रक्तही तितकंच धोक्याचं असू शकतं. यादी हाती आली की हातमोजे फक्त तिच्यापुरते उरतात. भांडी, शौचालय, अंथरूण यांतून एचआयव्ही पसरत नाही, त्यामुळे वेगळी बराकही नको. सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवावी, दाबून रक्त काढू नये, ब्लीच लावू नये. प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यावं. कैद्यांना कसं वागवावं याच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या मंडेला नियमांनुसार वैद्यकीय नोंदी गोपनीयच असतात. अपवाद कुणाला खरा आणि तातडीचा धोका असेल तेवढाच.

प्रश्न : एका पट्टीवर दोन रेघा आल्या. झालं निदान?

उत्तर : नाही. ती फक्त ‘रिॲक्टिव्ह’, म्हणजे पुढे तपासायला हवं असा इशारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशीप्रमाणे वेगवेगळ्या बनावटीच्या तीन चाचण्या लागोपाठ तशाच आल्या, तरच पॉझिटिव्ह म्हणायचं. किटवर छापलेली वेळ उलटून गेल्यावर वाचलेली पट्टी धरू नये. उशिरा उमटलेली रेघ फसवी असू शकते.

प्रश्न : बदली किंवा सुटका झाली की उपचारांचं काय?

उत्तर : फाइल दवाखान्यातून थेट दवाखान्यात, बंद लिफाफ्यातून जावी, सोबतच्या पोलिसांच्या हाती उघडी नको. सुटका बऱ्याचदा अचानक, संध्याकाळी होते. तेव्हा औषधालय बंद असतं. म्हणून काही आठवड्यांच्या गोळ्या आणि बाहेरच्या उपचार केंद्राच्या नावे चिठ्ठी आधीच बांधून ठेवावी.