कोल्हापूरहून कोकणात इलेक्ट्रिक कार नेली आणि घाटात चार्ज संपला तर काय करायचं?

गाडी सहसा अचानक बंद पडत नाही, ती भीती आधी काढून टाका. चार्ज तळाला गेला की आधी इशारे येतात, मग पिकअप कमी होतो. काही गाड्यांत पडद्यावर कासवाचं चित्र दिसतं. ते दिसलं की लगेच रुंद जागा बघून कडेला घ्या. चारही इंडिकेटर लावा. ते 12 व्होल्टच्या वेगळ्या बॅटरीवर चालतात.

दोर लावून मात्र कुणाला ओढू देऊ नका, ट्रॅक्टरवाला कितीही मदतीला तयार असला तरी. चाकांबरोबर मोटर फिरते, वीज तयार होते आणि महागडे भाग जळू शकतात. गाडी पूर्ण उचलून नेणारी फ्लॅटबेडच बोलवा.

खरी काळजी परतीची करा. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना मोटरच वीज तयार करते, बॅटरीत थोडी भर पडते आणि माणूस निर्धास्त होतो. येताना तोच घाट चढायचा असतो! दीड टनाची गाडी 500 मीटर वर न्यायला नुसत्या चढाचेच 2 युनिट लागतात, म्हणजे सपाटीवरचे 12-14 किलोमीटर गेले. त्यामुळे घाटाच्या पायथ्याचं वैभववाडी सोडण्याआधीच हिशेब करा. कमी वाटलं तर अर्थिंग नीट असलेला 15 अँपिअरचा प्लग शोधा. तासाभरात 15-20 किलोमीटरची सोय होते.