एक फोटो पिवळा, एक निळा!

प्रश्न: भावाच्या साखरपुड्याचे फोटो गोदाघाटावर दोन कॅमेऱ्यांनी काढलेत, एकात घाट पिवळट दिसतो नि दुसऱ्यात निळसर, अल्बमात शेजारीशेजारी लावले की डोळ्यात खुपतं. कर्व्हजने मॅच होतील का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर: होतील की! कर्व्हज म्हणजे फोटो एडिटरमधली रेघ, तिने लाल, हिरवा, निळा वेगवेगळा कमी-जास्त करता येतो. आधी जो फोटो बरा वाटतो तो मॅचिंगसाठी धरा, मग दोन्हीत असलेली एकच वस्तू शोधा, म्हणजे घाटाचा राखाडी दगड, पण उजेड सारखा हवा हं, एकीकडे ऊन नि एकीकडे सावली असेल तर सगळं फसतं. आयड्रॉपरने (रंगाचे आकडे दाखवणारं टूल; ५ बाय ५ पिक्सेलचं सॅम्पल ठेवा, एका पिक्सेलवर भरवसा नको) आकडे बघा. समजा बऱ्या फोटोत लाल १४२, हिरवा १३८, निळा १३० आणि दुसऱ्यात १२८, १३६, १५०. मग दुसऱ्याच्या लाल कर्व्हवर इनपुट (आत्ताचा आकडा) १२८, आउटपुट (हवा तो) १४२, हिरव्यात १३६ चे १३८, निळ्यात १५० चे १३०. असंच काळ्या केसांवर आणि पांढऱ्या सदऱ्यावर एकेक पॉइंट, फक्त सदरा २५५ ला (सगळ्यात वरचा आकडा) जाऊन पांढराफटक झालेला नको, तिथे रंगच उरलेला नसतो. शेवटी नवरीचा चेहरा बघा, दगड जुळला नि चेहरा हिरवट झाला तर मी तरी दगड सोडून देईन.