मसाला काजू दुसऱ्या दिवशी मऊ का पडतात, आणि मीठ डब्याच्या तळाशी का बसतं?

दिवाळीच्या पाहुण्यांसाठी घरी काजू करायचे तर या दोन्ही तक्रारी टाळता येतात. काजू मऊ पडतात ते बहुतेक वेळा कोमट असतानाच डब्यात भरल्यामुळे. आतली वाफ झाकणाला लागते आणि परत काजूतच मुरते. मीठ तळाशी बसतं, कारण कोरड्या गुळगुळीत काजूवर दाणेदार मीठ टिकतच नाही.

म्हणून मीठ भाजण्याआधीच लावा. पाव किलो काजूला पाऊण छोटा चमचा मीठ दोन मोठे चमचे कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा, काजूवर शिंपडून हाताने चोळा आणि दहा मिनिटं ठेवा. मग ताटात एकाच थरात पसरून १५० अंशांवर ओव्हनमध्ये भाजा. साधारण पंधरा मिनिटं लागतात, पाच-पाच मिनिटांनी हलवायचे. पाणी उडून जातं, मीठ काजूवरच राहतं. ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई, मंद आच आणि न थांबणारा हात. हवा त्यापेक्षा एक छटा फिका रंग असतानाच उतरवा, कारण बाहेर काढल्यावरही काजू आतल्या उष्णतेने शिजत राहतो. नेमका इथेच बहुतेकांचा काजू करपतो.

गरम असतानाच एक छोटा चमचा पातळ तूप चोळा आणि त्यावर एक चमचा जाडसर मिरपूड घाला. लाल तिखट हवं असेल तर तेही आच बंद झाल्यावरच, नाहीतर ते काळं पडतं आणि घरभर ठसका उठतो. चाट मसाल्यातलं मीठ आणि आमचूर हवेतला ओलावा ओढतात, त्यामुळे तो वाढताना भुरभुरा. ओला लसूण किंवा ताजा कढीपत्ता घालायचा मोह आवरा, किंवा आधी वेगळा कुरकुरीत करून घ्या.

खरेदीत २४० आणि ३२० हे आकडे एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती काजू बसतात ते सांगतात. आकडा लहान तितका काजू मोठा आणि महाग. नुसता खारा काजू वाटीत ठेवायचा तर २४० शोभतो. मसाला लावायचा असेल तर माझं मत पाकळीला, म्हणजे उभ्या दोन भागांत सुटलेल्या काजूला: स्वस्त पडते आणि सपाट बाजूवर मसाला जास्त धरते. तुकडा मात्र नको, बारीक कण आधी करपतात. घेताना एक चावून बघा, खवट लागला तर भाजून तो वास जात नाही.

बजेट कमी असेल तर बेसन लावलेले शेंगदाणेही कमी पडत नाहीत. पाव किलो दाण्यांना अर्धी वाटी बेसन, दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ, तिखट, हळद, हिंग, मीठ. पाणी शिंपडतच घाला, ओतलंत की लगदा होतो. तेल मध्यम तापलेलं हवं. कडकडीत तेलात आवरण लाल होतं आणि दाणा कच्चा राहतो. सुरकुतलेले, काळपट किंवा बुरशी दिसणारे दाणे आधीच वेचून टाका.

डबा दोन तास थांबून, पूर्ण गार झाल्यावरच भरा. तरीही मऊ पडले तर १२० अंशांवर पाच-सात मिनिटं पुन्हा तापवून ताटात गार करा. शेंगदाणे आणि काजू यांच्या वाट्या वेगळ्या ठेवा, पाहुण्यांत कुणाला ॲलर्जी आहे का ते आधी विचारा आणि चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती अख्खा दाणा देऊ नका, घशात अडकतो.