वीस वर्षं माळ्यावर पडलेला व्हॉल्व्हचा ऑसिलोस्कोप थेट प्लगला लावू का? (इंदूर)

नाही, विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं असं जुनं, काचेच्या व्हॉल्व्हवर (नळ्यांवर) चालणारं यंत्र थेट लावू नका. आधी १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे करंट बल्बमधूनच यंत्रात जाईल असा, घालून मगच लावा. (एलईडी चालत नाही.) कारण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) वर्षानुवर्षं वीज न मिळता पडून राहिले की आतला ऑक्साइडचा थर विरतो. एकदम २३० व्होल्ट दिले तर करंट गळतो, कपॅसिटर तापून फुगतो, आणि ट्रान्सफॉर्मर जळाला तर तसा दुसरा मिळणं फार अवघड. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर लगेच बंद करा, आत शॉर्ट आहे. अशी जुनी यंत्रं मी घरीच दुरुस्त करते, त्या अनुभवावरून सांगते. मेणाचे डाग पडलेले कागदी कपॅसिटर मात्र तपासत बसू नका, सरळ बदला. इंदूरच्या महाराणी रोडवर ४०० किंवा ६३० व्होल्टचे फिल्म कपॅसिटर विचारा.

एक अट आहे. रेक्टिफायरसुद्धा (एसीचं डीसी करणारा भाग) व्हॉल्व्हचा असेल तर डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू व्होल्टेज वाढवून फारसा उपयोग नाही, फिलामेंट तापेपर्यंत कपॅसिटरला काहीच मिळत नाही. तेव्हा ते कपॅसिटर सोडवून, रेझिस्टरमधून वेगळे चार्ज करा.

आणि कृपा करून हे पाळा: पिक्चर ट्यूबच्या सप्लायवर हजार व्होल्टच्या वर असतात, प्लग काढल्यावरही टिकतात. हात घालण्यापूर्वी जाड रेझिस्टरने डिस्चार्ज करा, मग मीटर लावून खात्री करा.