मोतीच्या एकवीस दिवसांसाठी मुदत ठेव मोडावी का?

जुळे सोलापूर येथील एका निवृत्त शिक्षिकेने विचारले आहे: मुलीच्या बाळंतपणासाठी मे महिन्यात २१ दिवस पुण्यास जायचे असून सात वर्षांच्या लॅब्रॅडॉरला, मोतीला, बोर्डिंगमध्ये ठेवायचे आहे. अक्कलकोट रस्त्यावरील एक ठिकाण दिवसाला ३५० रुपये घेते, खाण्याचे १०० रुपये वेगळे. होटगी रस्त्यावरील दुसरे ठिकाण खाणे आणि कूलर धरून ६५० रुपये घेते. दुसरे निवडल्यास १ लाख रुपयांची, चार वर्षे पूर्ण झालेली मुदत ठेव मोडावी लागेल. तसे करावे का?

ठेव मोडू नये. बँकेने मुदतपूर्व मोडण्याबद्दल व्याजदरात १ टक्का कपात केली, तर चार वर्षांचे मिळून सरळ हिशेबाने सुमारे ४,००० रुपये आपल्या हातून जातील. त्याऐवजी त्याच ठेवीच्या तारणावर लागेल तेवढीच उचल घ्यावी. १३,६५० रुपयांवर समजा ९ टक्के दराने तीन महिन्यांचे व्याज ३०७ रुपयांच्या आसपास होते, आणि तेवढ्या अवधीत ती रक्कम निवृत्तिवेतनातून फिटू शकेल. आपल्या बँकेचे नेमके दर शाखेत विचारून हाच हिशेब एकदा कागदावर मांडावा.

आता खरा फरक पाहू. स्वस्त ठिकाणाचा खर्च खाण्यासह ९,४५० रुपये होतो, म्हणजे अंतर ४,२०० रुपयांचे, दिवसाला २०० रुपयांचे. माझ्या मते मे महिन्यातल्या सोलापुरात हे २०० रुपये देण्याजोगे आहेत, पण ते कूलर प्रत्यक्ष चालत असेल तरच. येथे पारा ४० अंशांच्या वर जातो, कुत्रा माणसासारखा घाम गाळून अंग थंड करू शकत नाही, त्याला धापा टाकूनच उष्णता बाहेर काढावी लागते, आणि वयस्क, अंगाने जड लॅब्रॅडॉरला पत्र्याच्या शेडमधली दुपार जीवावर बेतू शकते. म्हणून दोन्ही ठिकाणी सकाळी दहाला न जाता दुपारी दोन वाजता, शक्यतो न कळवता जावे. फरशीला हात लावून पाहावा, पाण्याचे भांडे भरलेले आहे का आणि त्यातले पाणी कोमट तर नाही ना ते पाहावे, आणि वीज गेल्यावर कूलर कशावर चालतो ते विचारावे. आत येऊ देण्यास कां-कूं करणाऱ्या ठिकाणी मोतीला ठेवू नये, मग दर काहीही असो.

लसीकरणाचे कार्ड जे ठिकाण मागत नाही, त्याने शेजारच्या पिंजऱ्यातील कुत्र्याचेही मागितलेले नसते. रेबीज, नाइन-इन-वन (अनेक रोगांवरची एकत्रित लस) आणि केनेल कफ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) यांपैकी जी लस बाकी असेल ती जाण्यापूर्वी किमान दोन आठवडे देऊन घ्यावी. गोचिडांचे औषधही पशुवैद्यकांना विचारून लावावे, कारण गोचीडतापाची तपासणी, औषधे आणि दवाखान्याच्या फेऱ्या यांत वाचवलेले ४,२०० रुपये सहज निघून जातात. एप्रिलमध्येच एका रात्रीसाठी मोतीला ठेवून पाहावे. त्या ६५० रुपयांना मी वायफळ खर्च म्हणणार नाही.

शेजारचा मुलगा दोन वेळा येऊन खाऊ घालील, हा पर्याय आपण पत्रात सुचवला आहे. दोन दिवसांसाठी तो ठीक आहे, एकवीस दिवसांसाठी नाही.

पैसे देण्यापूर्वी काही गोष्टी लेखी घ्याव्यात: दिवस २४ तासांचा धरतात की तारखेचा (तारखेचा धरल्यास एक दिवसाचे भाडे वाढते), मोती आजारी पडल्यास कोणत्या डॉक्टरकडे नेणार, आणि आपल्याशी संपर्क न झाल्यास किती रुपयांपर्यंतच्या उपचारांना आपली आधीच संमती आहे. आगाऊ रक्कम एक तृतीयांशाहून अधिक देऊ नये. बाळंतपणाची तारीख मागेपुढे होतेच. तेव्हा मुक्काम आठवडाभर लांबला तर तोच ६५० रुपयांचा दर लागू राहील आणि लवकर परतल्यास उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतील, हे पावतीवरच लिहून घ्यावे.