स्टॉक फोररनरला बर्फासाठी मोठे ऑल-टेरेन टायर टाकावेत का?

डेन्व्हरला राहता, टोयोटाची फोररनर एसआर5 एसयूव्ही आहे, लिफ्ट केलेली (सस्पेन्शन उंच केलेली) नाही आणि विंटरसाठी 265 (टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये) काढून 285 चे ऑल-टेरेन (ए/टी) टाकायचेत असं तुम्ही लिहिलंय. गाडीही सेम आणि हा उद्योगही मी करून बसलोय, त्यामुळे सरळ सांगतो, साइज वाढवू नका, स्टॉक, म्हणजे कंपनीच्याच 265/70आर17 साइजमध्ये चांगले ए/टी घ्या.

285/70आर17 ची उंची साधारण 32.7 इंच होते, स्टॉकची 31.6. एका इंचाने काय होतंय असं मलाही वाटलेलं, आणि दुकानातून घरापर्यंत खरंच काही झालं नाही, पण पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि खर्र खर्र, टायर आतल्या प्लॅस्टिकला आणि बॉडी माउंटला (बॉडी जिथे चॅसीवर बसते तो चाकामागचा लोखंडी भाग) घासत होता. मग लोक सांगतात माउंट थोडा कापून वेल्ड करून घे. चांगल्या गाडीला ग्राइंडर लावायची आपली तरी हिंमत नाही झाली बुवा. त्यात चाकावरच्या कमानीत बर्फ साचून दगड होतो, म्हणजे ऑक्टोबरात न घासणारा टायर जानेवारीत घासायला लागतो. शिवाय स्पीडोमीटर ताशी 65 मैल दाखवतो तेव्हा तुम्ही 67 ने पळताय.

बरं, रुंद टायर बर्फात भारी हाही गैरसमज आहे. खोल भुसभुशीत बर्फावर तरंगायचं असेल तर ठीक, पण आपल्याला आय-70 वर (डेन्व्हरहून डोंगरात जाणारा हायवे) चिखलासारख्या बर्फातून खालच्या रस्त्यापर्यंत पोचायचंय, तिथे अरुंद टायर तो कापत जातो.

साइजपेक्षा साइडवॉलवर तीन शिखरांच्या आत हिमकण असलेलं चिन्ह बघा. बीएफगुडरिच केओ2, फाल्कन वाइल्डपीक एटी3डब्ल्यू यांना ते आहे. नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो) हे मुख्यतः ट्रेडच्या, म्हणजे टायरवरच्या खाचांच्या, डिझाइनवरून लिहितात. पण त्या चिन्हाची टेस्टसुद्धा दाबलेल्या बर्फावर टायर गाडी किती जोरात पुढे ओढतो एवढीच असते, ब्रेकिंगची नाही आणि काचेसारख्या आइसची तर नाहीच, हे मला एका उतारावरच्या सिग्नलला कळलं, फोर व्हील ड्राइव्ह चालू, ए/टी नवेकोरे, आणि गाडी शांतपणे घसरत चौकाच्या मध्यावर. फोर व्हील ड्राइव्हने गाडी निघते, थांबत नाही. ब्रेक काय, साध्या करोलाच्याही चारही चाकांना असतात.

म्हणून दर वीकेंडला स्कीइंगला जाणार असाल तर जुन्या रिमवर खऱ्या विंटर टायरचा वेगळा सेट ठेवा, ए/टी उन्हाळ्यात लावा. वर्षात चार-पाच चकरा असतील तर चिन्हवाले ए/टी पुरे.

आणि दुकानदार एलटी, लोड रेंज ई (लाइट ट्रकचे, जास्त भार पेलणारे जाड टायर) गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. ते दगडधोंड्यांसाठी, प्रत्येक चाक दहा पौंडांहून जास्त जड, राइड बैलगाडीसारखी, मायलेज पडतं ते वेगळंच, आणि दाराच्या स्टिकरवरचं प्रेशरही मग चालत नाही. प्रेशरवरून आठवलं, तापमान 10 फॅरनहाइट उतरलं की टायरमधलं प्रेशर साधारण 1 पीएसआय कमी होतं, तेव्हा थंडीत सकाळी गाडी काढायच्या आधीच चेक करा.

आय-70 च्या डोंगरातल्या भागात, मॉरिसन ते डोटसेरो, 1 सप्टेंबर ते 31 मे कायद्याने ट्रेडची खोली 3/16 इंच तरी लागते, फोर व्हील ड्राइव्ह असली तरी. टायर ऑक्टोबरातच बसवून घ्या, पहिला बर्फ पडला की सगळं गाव त्याच दुकानाबाहेर उभं असतं.