पुन्हा कुणी आवडेल का?

नातं तुटून बराच काळ गेला की हा प्रश्न हमखास येतो. "मॅडम, मला परत कधी कुणी आवडेल का?" विचारणाऱ्याला वाटतं, प्रेमाचं तेवढं बंद पडलंय, बाकी सगळं ठीक आहे. सहसा तसं नसतं.

माझ्याकडे समुपदेशनासाठी एक गीतकार यायचे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पंचेचाळिशीचे, विक्रोळीत एकटे राहणारे, मालिकांची शीर्षकगीतं लिहिणारे. घटस्फोटाला तीन वर्षं झालेली. पोट प्रेमगीतांवर. "चाल आली की तासाभरात मुखडा देतो. मीटरमध्ये चोख बसतो. पण त्यातलं माझं काहीच नसतं." बहीण स्थळं सुचवायची, मित्रांनी मोबाइलमध्ये डेटिंग अ‍ॅप टाकून दिलेलं.

मी जेवणाखाण्याचं विचारलं, शेवटचं कुठलं गाणं नुसतं ऐकायला म्हणून लावलं ते विचारलं. आठवेना. फेब्रुवारी-मार्चमध्ये हायवेच्या कडेला टबेबुयाची झाडं गुलाबी फुलतात, ते? "लोक फोटो काढतात. मला ट्रॅफिक दिसतो."

दुःख जाणवू नये म्हणून मन स्वतःला बधिर करतं, तेव्हा ते निवडून करत नाही. चवही जाते, चालही जाते. मग "इच्छा झाली की बाहेर पडेन" असं म्हणून चालत नाही. आधी बाहेर पडायचं, इच्छा मागाहून येते. नैराश्यावर ही पद्धत चांगलीच तपासून पाहिलेली आहे. मात्र झोप-भूक पार उडाली असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर नुसत्या फिरण्यावर राहू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

स्थळं आणि अ‍ॅप दोन्ही बाजूला ठेवायला सांगितलं. सकाळी फिरायचं, एक गोष्ट नीट बघायची आणि मला येऊन सांगायची. तिच्यावर ओळ मात्र लिहायची नाही. ही अट त्यांना झोंबली. लिहिणाऱ्याला बघायच्या आधीच उपमा सुचते, आणि बघणं राहून जातं.

सुरुवातीला तक्रारच आली. "पहाटे चारपासून कोकिळा ओरडते हो!" म्हटलं, ओरडतो तो नर, काळाकुळकुळीत. मादी ठिपक्याठिपक्यांची असते, तिला बोलवायलाच त्याचा एवढा आटापिटा. "म्हणजे वीस वर्षं मी चुकीचं लिहितोय!" म्हणाले आणि मनापासून हसले.

मग पांगारा आला. "झाडावर पान नाही, नुसती लालभडक फुलं. कावळा त्यात डोकं खुपसून मध पितो, वर येतो तेव्हा कपाळाला पराग माखलेले. आणि ऐट तर अशी, की हळदीला निघालाय." सांगताना मान वाकडी करून कावळा करून दाखवला.

वसंताने सगळं गोड झालं असं नाही. दादर स्टेशनबाहेर मोगऱ्याचे गजरे दिसले, बायकोची आठवण आली आणि त्या दिवशी ते माझ्यासमोर खूप रडले. मला ते चांगलंच लक्षण वाटलं. जाणवायला लागलं की दोन्ही जाणवतं.

पुढे रेकॉर्डिंगला कोरसमध्ये गाणाऱ्या एका बाईंनी चहाला विचारलं, तर गेले. "पुढचं माहीत नाही. पण ती बोलत होती आणि मला ऐकावंसं वाटत होतं." बहीण अजून लग्नाचं विचारते. तो विषय आम्ही अद्याप घेतलेला नाही.